खालच्या डॉक्टरांचं ‘ठीक आहे’

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे डॉक्टर दातांचे. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी त्यांनी आयुष्यभर गप्पा मारल्या. त्यामुळे समोरच्यालाही काही बोलायचं असेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. माणूस प्रेमळ, हात हलका. माझी कवळी त्यांनीच बसवलेली आहे, तेव्हा त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझं तोंड उघडत नाही. पण ऐकण्याच्या बाबतीत म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. हे मी नाही, त्यांची बायको म्हणते, आणि त्यांच्या देखत म्हणते.

दवाखाना लेकीच्या हाती सोपवला आणि डॉक्टरांना पंख फुटले. या वयात लोक पहाटे फिरायला जातात. हे विमान चालवायला शिकले. परीक्षा दिल्या, पास झाले आणि आणखी दोघांच्या भागीत एक जुनं छोटं विमान घेतलं. ते गावाबाहेरच्या लहान धावपट्टीवर उभं असतं. डॉक्टरांची एकच इच्छा होती, शेजारच्या खुर्चीत बायकोने बसावं. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहते. गुडघ्यांमुळे ती इकडे येऊ शकत नाही आणि दिवसभराचा बसचा प्रवास हिच्या पाठीला झेपत नाही. दोघी फोनवरच भेटायच्या. विमानाने गेलं तर ते अंतर जेवण आणि चहाच्या मधल्या वेळात सहज कापता येतं.

पण वाटेत आहे मोठा विमानतळ, आणि तिथे आहे माझी सून.

ती रडारच्या खोलीत काम करते. समोरच्या पडद्यावर विमानं ठिपक्यांसारखी दिसतात. कोणी किती उंचीवर राहायचं, कुठे वळायचं, हे ती रेडिओवरून सांगते. मोठी प्रवासी विमानं एकामागून एक उतरत असतात आणि त्यांच्यामधून डॉक्टरांसारखे हौशी लोक वाट मागत असतात. ती सहसा कोणाला नाही म्हणत नाही. अट एवढीच की तिने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. उंची, दिशा, सगळं, आणि सोबत आपल्या विमानाचा नंबर. ही अट तिची नव्हे, त्या धंद्याचीच आहे. पण डॉक्टरांनी ती तिच्या खात्यावर मांडली.

एकदा ते जिन्यातच मला भेटले, टोपी हातात, चेहरा उतरलेला.

“वहिनी, तुमच्या सुनेने आज मला तळ्यावर घिरट्या घालायला लावल्या.”

“का बरं?”

“तिने काहीतरी सांगितलं, मी ‘ठीक आहे’ म्हणालो. तिने पुन्हा तेच सांगितलं. मी म्हणालो, ‘ठीक आहे, समजलं.’ आणखी काय म्हणायचं माणसाने? तर म्हणे तळ्यावरच थांबा. इतका फिरलो की शेवटी खालच्या होडीवाल्याने मला हात केला. मग आलो परत.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “हेच ‘ठीक आहे’ मी लग्नापासून ऐकतेय. येताना दूध मात्र कधी आलं नाही.”

संध्याकाळी सून घरी आली, तर डॉक्टर तिची वाट बघत आमच्याच दिवाणखान्यात बसलेले.

“मी काय पोपट आहे?” त्यांनी विचारलं.

“पोपटाला उडता येतं ना काका, मग झालं तर.” सून पायातले बूट काढत म्हणाली. “मी दोन हजार फूट म्हटलं आणि तुमच्या डोक्यात तीन हजार बसलं, तर तुमच्या ‘ठीक आहे’मधून ते मला कसं दिसणार? मला फक्त तुमचा ठिपका दिसतो. डोकं दिसत नाही.”

“दिसलं असतं तर जास्तच घाबरली असतीस,” बायको म्हणाली. तीही कधी वर आली होती कोण जाणे.

आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर अभ्यास सांगून झाला की कोणाला तरी उभं करून तो परत म्हणायला लावत. त्यांचा आमच्यावर विश्वास नाही, असं मला तेव्हा वाटे. डॉक्टरांनाही नेमकं तेच वाटत होतं.

मग त्यांच्या बायकोनेच अट घातली. “आधी घरात म्हणून दाखवा. जमलं तर एकदा बसेन, ताईकडे जाईन. पण वरती माझ्या तोंडचं पाणी पळालं तर परत बसने येईन आणि विमानाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.”

तेव्हापासून आमच्या जिन्यात फार करमणूक होऊ लागली. ती म्हणे, “अर्धा लिटर दूध, चार लिंबं, आणि विजेचं बिल.” दारात उभं राहून डॉक्टर म्हणत, “अर्धा लिटर दूध, चार लिंबं, विजेचं बिल.” सुरुवातीला ते दात ओठ खाऊन म्हणत, पुढे नुसतेच म्हणायला लागले. घरात लिंबं येऊ लागली. ती मला म्हणाली, “हे आधीच माहीत असतं तर मी यांना तरुणपणीच विमानात बसवलं असतं.”

शेवटी एका रविवारी ती बसली. कानांवर त्यांच्यासारखाच जाडजूड हेडफोन, मांडीवर बहिणीसाठी विणलेली शाल, डोळे घट्ट मिटलेले. डोळे मिटले तरी कान उघडे होते, म्हणून पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं.

विमानतळाजवळ रेडिओवर नुसती गर्दी. डॉक्टरांनी वाट मागितली. सुनेने सांगितलं, उंची दोन हजार, तळ्यापर्यंत या. डॉक्टरांनी अगदी कंपाउंडरला औषध लिहून घ्यायला सांगावं तसं, सावकाश, शब्द सुटे करून परत म्हटलं. तळं आलं. सून म्हणाली, “डावीकडे वळा.” डॉक्टर म्हणाले, “डावीकडे वळतो,” आणि आपला नंबर सांगितला.

मग तीच, जराही आवाज न चढवता, “चूक झाली. उजवीकडे वळा. उजवीकडे.”

“उजवीकडे. उजवीकडे वळतो,” डॉक्टर म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात बायकोने एक डोळा उघडला. डाव्या अंगाला, लांबवर, एक मोठं प्रवासी विमान पोट खाली करून उतरत चाललं होतं. तिने डोळा मिटला, आणि मग, तिचं तिलाच नवल वाटलं, दोन्ही उघडले. ताईचं गाव येईपर्यंत उघडेच ठेवले.

रात्रीच्या जेवणाआधी दोघं परतली. विमानानेच. दोघं आमच्याकडे चहाला बसली असताना सून कामावरून आली. ती सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, आज मी चुकले. उजवीकडे म्हणायचं होतं, डावीकडे म्हणाले. मला ते कळलंही नव्हतं. तुम्ही परत म्हणालात तेव्हा माझंच बोलणं मला ऐकू आलं. वरिष्ठांना सांगितलंय मी.”

मी किटली हातात धरून थांबले. बायकोही थांबली. होडीवाला, तळं, पोपट, सगळ्याची परतफेड करायला याहून चांगली संधी डॉक्टरांना मिळणार नव्हती, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा तर त्यांचा स्वभाव.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

“आज तू चुकलीस,” ते सावकाश म्हणाले. “उजवीकडे म्हणायचं होतं, डावीकडे म्हणालीस. वरिष्ठांना सांगितलंस.”

“बरोबर,” सून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असताना ती हसली.

“आता माझं म्हणा,” बायको म्हणाली. “पुढच्या महिन्यात पुन्हा ताईकडे. आणि तिच्याकडे तुम्ही दर माणसाला तोंड उघडायला लावायचं नाही.”

“पुढच्या महिन्यात पुन्हा ताईकडे,” डॉक्टर म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

“काका,” सून म्हणाली, “अर्धंच आलं.”