मूठ सोडल्यावर पडणारी गोळी

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात दहावीच्या गाइडांचा गठ्ठा सोडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागं कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. "कुठं?" असं मी विचारलं... सगळं आयुष्य पुस्तकांत घालवलेल्या माणसाला अशा वेळी सुचलं ते हे. त्याच क्षणी दुकानाच्या पायरीवरच्या, खाऊच्या गोळ्यांच्या यंत्राची मूठ कुणीतरी फिरवली. कर्र, कर्र, मग मूठभर गोळ्या घरंगळल्याचा आवाज, आणि मग अंमळ थांबून आणखी एक. टक्. उत्तमविषयी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याविषयी, लिहायचं तर त्या शेवटच्या एका गोळीविषयीच लिहावं लागेल. बाकीचं त्याचं आयुष्य चारचौघांसारखं होतं, आणि तसं ते असल्याचा त्याला कधी खेदही वाटला नाही.

तो कन्नडजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याच्या घरातला धाकटा. वाळूजच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं फिटर होता. मग कारखान्यानं त्याला मुदतीआधीच, पण भाषणं करून आणि शाल-श्रीफळ देऊन, घरी पाठवलं. शाल चांगली होती, असं तो सांगायचा. माझ्याकडे तो बऱ्याच आधीपासून रविवारी यायचा. पुस्तक क्वचित घ्यायचा, पण जाताना पंखा, शटर नाहीतर बिलाचं मशीन दुरुस्त करून जायचा. नोकरी गेल्यावर दोनेक महिन्यांनी तो रिक्षातून उतरला, तेव्हा त्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. दवाखान्यात न्यायच्या पेशंटला धरावं तसं त्यानं ते धरलं होतं. चादर काढली तर लोखंडी पायावर काचेची गोल बरणी. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खालची झडप उचलायची की मूठभर गोळ्या हातात.

"मालक, पायरीवर वीतभर जागा द्या," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, या औरंगपुऱ्यात दर चार पावलांवर गोळ्यांची बरणी आहे. तू आणखी एक आणतोस, आणि तीही मुकी?"

"मुकी हाय म्हणूनच तर! गर्दीत माणसाला बोलायचा कंटाळा येतो. नाणं टाका, गोळ्या घ्या, चालू लागा."

हा त्याचा सिद्धान्त होता, आणि तो साफ चुकीचा होता. ते कळायला त्याला दोन महिने लागले. दरम्यान घरी मुदत पडली होती. दिवाळीपर्यंत यंत्र चाललं तर चाललं, नाहीतर बिऱ्हाड कन्नडला, असं शोभावहिनींनी सांगितलं होतं. थोरल्या भावाचे निरोप येतच होते, "डबडं सोड अन् ये, मिळून आद्रक लावू." उत्तमला रानातल्या कामाचं भय नव्हतं. गावच्या पारावर आपली ओळख 'कारखान्यानं काढलेला' अशी होईल, आणि ती मरेपर्यंत पुसली जाणार नाही, याचं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही पंख्याकडे बघत.

उद्घाटनाला वॉर्डातले एक पुढारी आले. सोबत पंधरा माणसं आणि चार हार. पुढाऱ्यांनी तरुणांच्या उद्योजकतेवर वीस मिनिटं भाषण केलं. उत्तम तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. मग त्यांनी दुसऱ्याकडून नाणं मागून घेतलं, यंत्रात टाकलं आणि मूठ उलटी फिरवली. यंत्र अडकलं. फोटो मात्र झकास आला. पुढारी गेल्यावर उत्तमनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दोन मिनिटांत मूठ मोकळी केली. "उलटी फिरवणारं गिऱ्हाईक बी येणार हे ध्यानातच नव्हतं," तो म्हणाला. तक्रार अशी नाहीच, पुढाऱ्याबद्दल तर नाहीच.

पहिले आठ दिवस गर्दी झाली. यंत्र दहाच्या नाण्यावर चालायचं आणि आमच्या बाजारात दहाचं नाणं कुणी घेत नव्हतं, त्यामुळे लोकांना घरात पडून राहिलेली नाणी खपवायला बरी जागा मिळाली. पण एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येईना. गोळ्या तशाच, बडीशेपेच्या, लिंबाच्या, चिंचेच्या; समोर हमीदचाचांच्या गाड्यावर मिळायच्या त्याच. चाचांकडे रांग आणि इकडे बरणीवर धूळ. दसरा जवळ आला. उत्तम माझ्या दुकानात स्टूल टाकून बसू लागला आणि यंत्राकडे बघू लागला. मला वाटलं, हा खचला. तो खचला नव्हता, तो हात बघत होता. गिऱ्हाइकांची तोंडं नव्हे, हात.

एके दुपारी एका बाईंनी मूठ फिरवली, गोळ्या घेतल्या, पण हात झडपेखालीच ठेवला. क्षणभर थांबल्या, यंत्राकडे जरा नाराजीनं बघितलं आणि गेल्या. उत्तम ताडकन उठला. "मालक, पाहिलंत? सगळेच असं करतेत. कशाची वाट बघतेत हे?"

उत्तर समोरून आलं. हमीदचाचा पुडी भरता भरता म्हणाले, "उत्तमभाई, मशीन अच्छी है तुम्हारी. पन ऊपर से कुछ डालती नै ना."

"माप बरोबर पडतं की चाचा. एक गोळी कमी नाय."

"वोइच तो बोल रा मैं. माप तो सबका बरोबर रहता." आणि त्यांनी तोललेल्या पुडीत, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी, चिमूटभर गोळ्या वरून टाकल्या.

ही आमच्या बाजाराची रीत. भाजीवर दोन मिरच्या, शेंगदाण्यांवर चार दाणे. त्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं इथं कुणाला वाटत नाही. त्याच दिवशी उत्तमनं यंत्र उघडलं आणि आतल्या चकतीचे कप्पे कानशीनं रुंद केले. आता गोळ्या चांगल्या जास्त पडू लागल्या. आणि तरीही लोक हात झडपेखाली ठेवून थांबायचे, मग नाराज होऊन जायचे. माझ्या मते तिथंच विषय संपला होता. मी त्याला तसं सांगितलंही.

दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दाढी न करता. "एकदम जास्त दिलं की लोक त्यालाच माप धरतेत, मालक," तो म्हणाला. "वरचं नंतर पडाया पाहिजे. देऊन झाल्यावर."

मग तीन आठवडे तो माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर बसून काम करत होता. कप्पे त्यानं पूर्ववत केले. चकतीच्या कडेला एका गोळीएवढा खळगा कोरला आणि त्याखाली पितळेची नखाएवढी झडप बसवली. मूठ सोडली की ती स्प्रिंगनं सावकाश मागं यायची, आणि अगदी जागेवर टेकताना ती झडप उघडायची. किती वेळानं उघडावी यासाठी त्यानं कितीतरी स्प्रिंगा बदलल्या. लवकर पडली तर ती मापातच मिसळायची, उशिरा पडली तर माणूस निघून गेलेला असायचा. शेवटी तो चाचांच्या गाड्याशेजारी दिवसभर उभा राहिला. पुडी तोलणं आणि वरून चिमूट टाकणं यांत त्यांचा हात किती थबकतो ते त्यानं मनात मोजलं आणि तेवढाच वेळ त्या स्प्रिंगेत भरला.

माझ्या दुकानात औदार्यावरची चार-पाच जाडजूड पुस्तकं आहेत. ती मी वाचलीही आहेत. त्यांतल्या एकाही लेखकाला हे कळलं असेल, असं मला त्या दिवसापासून वाटत नाही. वसुबारसेच्या सकाळी यंत्र पुन्हा पायरीवर आलं. पहिल्याच माणसानं मूठ फिरवली, गोळ्या घेतल्या, सवयीनं हात तसाच ठेवला... टक्. तो हसला. यंत्राकडे बघून हसला, एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे बघून हसावं तसा. मी काउंटरवरून उठून उभा राहिलो. का उठलो, ते सांगता येणार नाही. समोरून चाचा ओरडले, "अब आया ना हाथ उस में!"

बिऱ्हाड कन्नडला गेलं नाही. पुढं अशी अकरा यंत्रं झाली आणि सगळ्यांत गोळ्या हमीदचाचांकडच्याच. दर बुधवारी उत्तम बरण्या भरायला निघायचा, शेवटी माझ्याकडे यायचा, चहा घ्यायचा, "येतो मालक" म्हणून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. काहीतरी सांगायचं राहिलेलं असायचंच. शेवटच्या बुधवारी परत येऊन म्हणाला, "काच पुसत जा हो. लोकांला रंग दिसाया पाहिजेत." त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी जेवून उठताना, तो कोसळला. शोकसभेत त्याच पुढाऱ्यांनी त्याला आधुनिकतेचा शिलेदार म्हटलं. मूठ कुठल्या बाजूला फिरवायची हे त्यांना अजूनही माहीत नसावं.

परवा शोभावहिनी दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. गल्लीच्या तोंडाशी थोरल्या दिरांची जीप उभी होती. ते सगळी यंत्रं गोळा करून विकायला निघाले होते. "हे पहिलं, म्हणून आधी इथं आले," त्या म्हणाल्या. "मला काय जमणार हो भाऊजी यातलं."

मी म्हणालो, "न्या. पण एकदा फिरवून तर बघा."

त्यांनी पर्समधून नाणं काढलं, मूठ फिरवली, गोळ्या घेऊन हात बाहेर काढला. आणि झडपेमागं... टक्.

"अजून पडली का?"

"एक पडतेच. शेवटची."

"हे यांनी बसवलं?"

"कानशीनं. तीन आठवडे लागले."

"घरी म्हणायचे, मालकाच्या दुकानात जरासं काम हाय." त्यांनी झडप उचलून ती एक गोळी तळहातावर घेतली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. "भाऊजी, त्यांना म्हणावं, तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदराच्या टोकानं बरणीची काच पुसली, दुसरं नाणं टाकलं, मूठ फिरवून सोडली. गोळ्या ओंजळीत आल्या. या वेळी त्यांनी हात काढला नाही.