डबूची उडी

उधन्याच्या चाळीत सुकदेव बैसाणेचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग म्हणायची, काही म्हणा, हात सोन्याचा आहे गड्याचा. दोन्ही खरंच होतं. पारोळ्याकडून वळकटी घेऊन तो सुरतेला आला तेव्हा लूमच्या कारखान्यात झाडू मारायचा. मग विणकर झाला आणि सत्तर साल उजाडेपर्यंत फिटर. कुठलाही लूम बिघडला की शेठ दुसऱ्या कुणाला हाक मारायचा नाही.

खोड एकच. सुकदेवला सैल काही सोसत नसे. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीत जातो, तिथे तो जागच्या जागी थांबला पाहिजे. जरा उसळला की धागा तुटलाच. या एका गोष्टीवर सुकदेवची भाकरी चालली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू धोट्यासारखी थांबावी असं त्याला वाटायचं. चाळीतल्या सार्वजनिक नळाची तोटी गळते म्हणून त्याने ती अशी आवळली, की पाणी भरायला बायकांना आधी सुकदेवला झोपेतून उठवावं लागे. शेजारच्या रंभाबाई तर म्हणायच्या, या माणसाने पाळणा केला तर तो हलणार नाही.

असा माणूस खेळाच्या नादी लागला तो रागातून. तापीकाठी श्रावणात मेळा भरायचा. तिथे एका ठेल्यावर सुकदेवने बाटलीवर रिंग टाकून पाहिली, पुन्हा टाकली, आणि मग वाकून बघितलं तर रिंग बाटलीपेक्षा लहान. ठेलेवाला गालात हसत होता. त्या दिवशी सुकदेवने बायकोला, चंपाबाईला, सांगून टाकलं की मी एक खेळ करणार आहे आणि त्यात लबाडी नसणार. जो पडेल तो आपल्या चुकीने पडेल, जो तरेल तो आपल्या हिमतीवर.

आणि त्याने तो केलाही. एक लोखंडी पिंप आडवं टाकलं आणि त्यावर लाकडी ठोकळ्यांची घरं, पूल, ओटे बसवले. मधे मधे खड्डे ठेवले: एक गटार, एक खाडी, एक उघडी मोरी. पायाखालची पाटी हलवली की पिंप फिरायचं आणि सगळी वस्ती समोरून सरकायची. वर एका दांड्याला तेलाच्या डब्यातून कापलेला वीतभर माणूस. हाताशी एक मूठ. मूठ ओढली की माणूस उडायचा, खड्डा सरकून गेला की पुढच्या ओट्यावर उतरायचा. खड्ड्यात गेला तर घंटी वाजायची आणि खेळ संपायचा. डब्यातून निघाला म्हणून त्याचं नाव डबू. चंपाबाईने त्याला चिंधीचा सदरासुद्धा घातला.

पायाखालची पाटी मात्र आली होती चंपाबाईच्या शिलाई मशीनची. खाली पाटी, बाजूला जड चाक, वरून चामड्याचा पट्टा. पिंप फिरवायला याहून बरं काही सुकदेवला सुचलं नाही. ते मशीन तिने पै पै जोडून घेतलं होतं. चाळीतल्या बायकांची पोलकी आणि जयंतीला पोरींचे पांढरे फ्रॉक तिच्याच हातचे असायचे. तिने एका अटीवर स्टँड दिलं. "मेळामा लोके परतीसन उनात तं हाई तुमनं. नही उनात तं मनं स्टँड माले परत." म्हणजे एकदा खेळलेला माणूस पुन्हा खेळायला आला तर यंत्र राहील, नाहीतर मोडायचं. सुकदेवने वचन दिलं. तिचं काम अडू नये म्हणून मशीनच्या डोक्याला हाताने फिरवायचं चाक लावून दिलं, आणि तो विषय आपल्या परीने मिटवून टाकला.

मेळा भरला. ठेकेदार ठाकोरभाई हा पोटापेक्षा हसू मोठं असलेला माणूस. त्याने सुकदेवला फुग्यांच्या बंदुकीशेजारी जागा दिली. पहिल्या दिवशी नवलाईने गर्दी झाली. लोक यायचे, पाटी हलवायचे, मूठ ओढायचे, डबू टण्णकन वर जायचा, टप्पकन खाली यायचा, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खड्ड्यात घंटी. लोक मान हलवून पुढच्या ठेल्याकडे जायचे. परत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तर माशा मारायची वेळ आली. ठाकोरभाई स्वतः खेळून बघून गेला आणि जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुकदेवभाई, बधू बराबर छे. पण मजा नथी आवती."

हे मात्र सुकदेवला लागलं. यंत्रात काही चुकलं असतं तर त्याने डोळे मिटून दुरुस्त केलं असतं. इथे सगळं बरोबर होतं आणि मजा नव्हती. मजेला कुठला पाना लागतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी चंपाबाई डबा घेऊन आली. ठेल्यावर शुकशुकाट बघून तिने डबा खाली ठेवला. स्टुलावर बसली आणि पाटीवर पाय ठेवला. पुरुषांचा पाय त्या पाटीवर अडखळायचा, चाक मधेच उलटं फिरायचं आणि डबू मागे मागे जायचा. हिचा पाय पडला आणि पिंप पाण्यासारखं वाहायला लागलं. डबूने गटार ओलांडलं, खाडी ओलांडली. मग मोरीच्या काठावर त्याचा अर्धा पंजा टेकला आणि घंटी वाजली.

"हाऊ उडत नही," ती म्हणाली. "याले कोनी तरी फेकी ऱ्हायनं."

डबू उडत नाही, त्याला कोणीतरी फेकतंय, हे ऐकून सुकदेव चिडला. अर्धा पंजा बाहेर म्हणजे पडणारच, हिशेब हिशेब आहे, असं त्याने सुनावलं. चंपाबाईने डबा पुढे सरकवला आणि एवढंच सांगितलं की उद्या सकाळी कामावर जाणारी माणसं आपल्या दारासमोरचं गटार कसं ओलांडतात ते एकदा बसून बघा.

वास्तविक तिने गप्प राहायला हवं होतं. अजून थोडा दम धरला असता तर स्टँड आपोआप घरी आलं असतं. पण वाकडी शिवण आणि बेचव भाजी जिला दुसऱ्याच्या घरातही बघवत नाही, तिला हा मेलेला खेळ कसा बघवणार? जिंकायचं की नीट करायचं असा प्रश्न आला की काही माणसांना जिंकणं जमतच नाही. चंपाबाई त्यातली.

सकाळी सुकदेव ओट्यावर बसला. गटार तुडुंब भरलेलं. पहिल्याच माणसाने त्याला विचारात पाडलं. उडी मारण्याआधी तो गुडघ्यात वाकला. उतरल्यावरही वाकला, दोन पावलं पुढे धावला आणि मग सावरला. जागच्या जागी कोणी थांबत नव्हतं. एकाने घाईत काठावरून पाय निसटल्यावर उडी घेतली, आता हा जातो गटारात असं वाटलं, पण गेला नाही. बोटांच्या टोकावर तोल धरून, हात हवेत फिरवून, हसत निघून गेला. रंभाबाई हंडा घेऊन आल्या. त्यांनी उडी मारलीच नाही, नुसती लांब ढांग टाकली. जेवढं अंतर तेवढीच उडी. आणि सुकदेवच्या लक्षात आलं की त्याच्या डबूला एकच उडी येते. मूठ हळू ओढा नाहीतर जोरात, लहान खड्डा असो की मोठा, डबू आपला तेवढाच टण्णकन. आणि उतरला की लूमच्या धोट्यासारखा गच्च. अरे, मी माणूस नाही केला, धोटा केला, असं त्याला वाटलं आणि एकट्यालाच हसू आलं.

मग त्याने कारखान्याला आणखी एक दांडी मारली आणि त्या दिवशी ठेलाही उघडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा हातात पाना घेऊन तो एकेक वस्तू सैल करत सुटला. मुठीची कडक स्प्रिंग काढून त्याने जुन्या लूमवरचा वापरून मऊ झालेला चामडी पट्टा लावला. आता मूठ जितकी ओढावी तितकाच डबू उडायचा, चिमूटभर ओढली की टुणकन, धरून ठेवली की लांबवर तरंगत. दांड्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, त्याने डबू उतरताना जरासा दबायला लागला, गुडघ्यात वाकल्यासारखा. राहिले काठ. प्रत्येक ओट्याच्या काठाला लावायला चंपाबाईने चामड्याची पातळ जीभ शिवून दिली, वरून दिसणार नाही अशी. अर्धा पंजा बाहेर गेला तरी डबू क्षणभर तिच्यावर टेकायचा. तेवढ्यात मूठ ओढली तर वाचायचा.

सुकदेव तिथे अडला. ही लबाडीच झाली, तो म्हणाला. खड्डा दिसतो त्याहून लहान ठेवायचा? चंपाबाई दोरा तोडत म्हणाली की त्या रिंगवाल्याने माणसाला पाडायला लबाडी केली, आपण सावरायला करतोय. सुकदेवने तिच्या हातातली जीभ घेऊन काठाला ठोकली आणि बाकीच्याही तशाच राहिल्या.

चौथ्या दिवशी दुपारी एका दूधवाल्याने मूठ ओढली. मोरीच्या काठावर डबूचा पाय सुटला, दूधवाल्याने "गयो, गयो" म्हणत मूठ धरून ठेवली, आणि डबू कसाबसा पलीकडे टेकला. दूधवाला स्टुलावरून उठून नाचला. आजूबाजूचे धावले. डबू उडाला की स्टुलावरचा माणूस आपले खांदे वर उचलायचा, डबू पडायला आला की त्याच्याबरोबर सगळी रांग एका अंगाला कलायची. पुरुषांचा पाय उलटा पडायचा तेव्हा मागून एखादी बाई पदर खोचून पुढे यायची, शिवणकामाचा पाय दाखवायची आणि सरळ शेवटच्या पुलापर्यंत जायची. दूधवाला त्या संध्याकाळी पुन्हा आला, दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला. शेवटच्या दिवशी ठाकोरभाईने पेढा भरवला आणि बारडोलीच्या मेळ्यात तोंडावरची जागा देऊ केली. सुकदेवचे पाय जमिनीला लागत नव्हते. अटीप्रमाणे यंत्र आता त्याचं होतं.

तो घरी आला तेव्हा चंपाबाई शिवायला बसली होती. उजव्या हाताने चाक फिरवत होती आणि कापड एकट्या डाव्या हाताने पुढे सारत होती. कापड तिरकं जायचं, ती चाक थांबवायची, दोन्ही हातांनी सरळ करायची, पुन्हा चाक. असं ती कितीतरी महिने करत होती आणि सुकदेव त्याच खोलीत बसून डबूच्या उड्या जुळवत होता. परक्या माणसाच्या हाताला मूठ कशी लागेल याचा त्याने इतका विचार केला, की त्याच नजरेने आज बायकोचा हात बघितल्यावर त्याला ते बघवेना. त्याची त्यालाच शरम वाटली. त्याने विचारलं, शिवण अशीच जाते का रोज? ती म्हणाली, बोली ती बोली, लोक परत आले ना.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेवढ्यात सुकदेवने यंत्र मोडलं. पिंप अंगणात गडगडत गेलं, डबू खिळ्याला अडकला, स्टँड खिडकीशी आलं आणि मशीनचं डोकं पुन्हा त्यावर बसलं. बारडोलीला नकार गेला. चंपाबाई परतली आणि आनंद व्हायच्या ऐवजी भडकलीच. माणसं पोट धरून हसत होती आणि तुम्ही ते मोडलंत, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. पुढच्या श्रावणाला बघू, तेव्हा दुसरं चाक शोधू, असं सुकदेव कसंबसं म्हणाला आणि त्याने स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

ती बसली. पाटीवर पाय ठेवला मात्र, मशीन भरधाव सुटलं आणि शिवण कापडाबाहेर गेली. पिंपाचं ओझं ओढायला सुकदेवने त्या स्टँडला इतकं तेल पाजलं होतं, पट्टा इतका ताणला होता, की ते आता तिचं ऐकेना.

"आते मना पायले वळखत नही हाई," चंपाबाई म्हणाली.

सुकदेव पाना घेऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला. पट्टा किती ताणायचा हे त्याला पाठ होतं, पण त्याने ते सांगितलं नाही. थोडा सैल केला आणि वर बघून विचारलं, "आता?"

तिने पाय हलवून पाहिला. अजून थोडा, ती म्हणाली.