नॉर्वेतली संकष्टी

नॉर्वेच्या सहलीचं पत्रक पसरून मी हॉटेलं निवडत होतो. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी होती. चंद्रोदयाच्या वेळा बघत तिचं बोट सांगली, सोलापूर, नागपूर करत तळाशी आलं आणि थांबलं.

"अहो, तिथे असताना संकष्टी येतेय. उपास कधी सोडायचा?"

"तिथे तेव्हा सूर्यच मावळत नाही. चंद्र कुठला दिसायला?"

म्हणालो खरा, पण गोंधळलो. बर्फाचे डोंगर, रात्रीचं ऊन, काय काय बघायचं ते मी ठरवलं होतं. काय दिसणार नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"सुमनवहिनींना फोन करू," ती म्हणाली. "त्यांना चंद्र दिसला, की आपण जेवू."

तेव्हापासून पत्रकातले डोंगर बघायला बसतो आणि डोळ्यांपुढे शेजारच्या सुमनवहिनींची गच्ची येते.