गोदाबाईंच्या लाख वाती आणि मास्तरांची पेटी

अमरावतीत अंबागेटाच्या आत कमलाकांत देवपुजारी नावाचे एक गृहस्थ राहत. घराणं भिक्षुकांचं, पण हे निघाले शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस; गल्ली मात्र त्यांना मास्तरच म्हणे. वडील शास्त्रीबुवांनी आयुष्यभर लोकांच्या घरी घंटा वाजवली, आणि चिरंजीवांनी वाजवायला काय निवडलं, तर वीज.

एका मोडक्या हार्मोनियमचं पोट रिकामं करून मास्तरांनी त्यात रेडिओचे चार व्हॉल्व्ह, तारांचं जंजाळ आणि एक स्पीकर बसवला होता. पट्ट्या नाहीत, भाता नाही, नुसत्या चार खुंट्या. खुंटी फिरवली की आतून सूर निघे. दोन सूर अगदी जवळ आणले की त्यांच्यात लाट उठे, आणि ती लाट मास्तर डोळे मिटून अर्धा अर्धा तास सांभाळत. गल्लीत कुणी म्हणे पेटीत भुंगा अडकला आहे, कुणी म्हणे शास्त्रीबुवांचा आत्मा मंत्र विसरून घुटमळतो आहे. बायको, चारुशीला, काहीच म्हणत नसे. रोज सकाळी ती पेटीवरची धूळ पुसे, पण आदल्या दिवशीची एकही खुंटी जागची हलू देत नसे.

मास्तरांचं म्हणणं असं, की पुढे असे दिवस येतील जेव्हा गाणारा नसेल, शब्द नसतील, नुसता विजेचा सूर असेल, आणि तो ऐकायला लोक वेगळ्या खोल्या बांधतील. यावर गणेश मंडळाचे चिटणीस खुशालराव विचारत, त्या खोल्यांना सिमेंटचं परमिट कोण देणार?

पण एकसष्ट सालच्या गणपतीत त्याच खुशालरावांनी मास्तरांना एक संध्याकाळ दिली. फळ्यावर खडूने लिहिलं, ‘विद्युत-संगीत’. दोनशे माणसं जमली. मास्तरांनी पस्तीस मिनिटं जीव ओतून खुंट्या फिरवल्या. लाट विरत विरत एका सुरावर येत होती, तीन वर्षं ज्यासाठी खपले ती जागा आता हाताशी आली होती, तेवढ्यात खुशालराव मंचाच्या पायऱ्या चढून आले आणि अगदी अदबीने कानाशी म्हणाले, “मास्तर, माइक ठीक झाला असन तं सुरू करून टाका न आता.”

मास्तरांनी समोर पाहिलं. कुणी कंटाळलं नव्हतं, कुणी हसत नव्हतं. दोनशे माणसं फुटाणे खात, शहाण्यासारखी, कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत बसली होती. त्यांनी शिट्ट्या मारल्या असत्या तरी मास्तरांना चाललं असतं.

“झालं,” मास्तर म्हणाले आणि पेटी उचलून घरी आले.

घरी त्यांनी ताट तसंच सरकवलं. व्हॉल्व्ह अकोल्याच्या देवमनचे होते, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दोस्ताने हौसेखातर वापरायला दिलेले. ते परत देऊन टाकायचे, पेटी मोडायची, असं त्यांनी ठरवलं. एक माणूस तरी शेवटपर्यंत ऐकेल, एवढीच आस होती.

“मी होते की,” चारुशीला म्हणाली.

“तू बायको आहेस. तुझं धरत नाहीत.”

मास्तरांनी देवमनला कळवलं. देवमनचं कार्ड आलं: दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो, एका गिऱ्हाइकाचा रेडिओ नेमका त्याच व्हॉल्व्हसाठी अडला आहे.

त्या दिवसांत चारुशीलेच्या ओसरीवर दुपारी बायका जमत. शेजारच्या गोदाबाईंनी लक्षवातीचं व्रत धरलं होतं: लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरी पुनवेला उद्यापन करायचं. कापूस त्यांच्या स्वतःच्या वावरातला, हात मात्र सगळ्या गल्लीचे. वाती वळताना पार्बताबाई पोथी वाचत, म्हणजे भांडणं होत नसत. त्या रविवारी पार्बताबाईंचा घसा बसला होता, आणि अर्ध्या तासात दोघींची सुनांवरून जुंपली होती.

आत मास्तर पेटी उघडून बसले होते. परत देण्याआधी व्हॉल्व्ह शाबूत आहेत ना, एवढंच पाहायचं होतं. त्यांनी बटण दाबलं. सूर निघाला. लाट उठली. सवयीने हात खुंटीवर गेला आणि तिथेच राहिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ओसरीवर भांडण नाही, बोलणं नाही, म्हणून त्यांनी दाराआडून डोकावून पाहिलं. बारा बायका मान खाली घालून वाती वळत होत्या. लाट वर येई तेव्हा अंगठे पुढे जात, ओसरे तेव्हा मागे येत. कुणी दाराकडे पाहत नव्हतं, कुणी कशाची वाट पाहत नव्हतं. घाबरून मास्तरांनी पेटीशी जाऊन सूर बंद केला.

बारा माना वर झाल्या. “काहून बंद केलं?” गोदाबाई म्हणाल्या. “माया हाताले आता कुठं चाल भेटली होती.”

मास्तर पेटीकडे वळले. त्यांनी बटण दाबलं आणि खुंटी फिरवली.

देवमन आला तेव्हा वाजतच होतं. त्याने पाचच्या मोटारीचं नाव काढलं, तशा गोदाबाईंनी कापसाचा पेळू त्याच्या मांडीवर टाकला.

“जाय ना. कोण धरून राहिलं तुले? तोवर या वळ.”

देवमनच्या वाती जाड झाल्या, मोटार चुकली, आणि गिऱ्हाइकाला त्रिपुरी पुनवेपर्यंत थांबवायचं ठरलं.

पुनवेच्या चार दिवस आधी तो पुन्हा पिशवी घेऊन हजर झाला. मास्तर मुकाट्याने पेटीचे स्क्रू काढायला बसले. ओसरीवर वातींच्या जुड्या रचलेल्या होत्या. गोदाबाई त्यांच्यावरून हात फिरवत राहिल्या. जन्मात हिशेब न चुकलेली ही बाई, पण चेहरा असा केला की कुणालाही दया यावी.

“आठ हजार कमी भरून राहिल्या,” त्या म्हणाल्या. “उद्यापन आता माघी पुनवेले.”

जुड्या चारुशीलेने बांधल्या होत्या. लाख पुऱ्या होऊन वर अकराशे झाल्या आहेत, हे तिला पक्कं माहीत होतं. ती उठली, आतून नवा कापूस घेऊन आली, आणि जाता जाता नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.