बिळातली तांबडी माती

आमच्या संग्रहालयाच्या तळघरात दगडातून जुनी हाडं मोकळी करणारे दोघंच, मी आणि सुईबाई. बारीक सुईने ती दगडाचा कण न् कण असा टिपायची की तिचं खरं नाव सगळे विसरले होते. माझी नोकरी वीस वर्षांची, तिची सहा. तरी वरून जो उतरायचा तो विचारायचा, सुईबाई कुठे आहेत? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्यात जो दगड ज्याने हाती घेतला, तो शेवटपर्यंत त्याचाच. त्या खेपेला नवे दगड आले तेव्हा पहिली निवड माझी होती. ज्यातून कवटी डोकावत होती तो मोठा दगड मी उचलला आणि एक ओबडधोबड गोळा तिच्या माथी मारला. माझी कवटी निघाली कासवाच्या पाठीचा तुकडा. तिच्या गोळ्यात मात्र अंग मुडपून पडलेला अख्खा प्राणी! आखूड जाड दंड, फावड्यासारखी नखं. बिळं खणून राहणारा सस्तन प्राणी, त्याची प्रजातीच लाखो वर्षांपूर्वी संपलेली. आमच्या संशोधक मॅडम दिवसातून दोनदा खाली यायला लागल्या. माझ्या कासवाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी जळत होतो, सरळ सांगतो.

दगड करडा होता, पण प्राण्याभोवती तांबडी माती घट्ट बसली होती. मला बघताक्षणी कळलं, हे त्याचं बीळ. माती आत येऊन भरलं आणि हा आतच राहिला. हाडांइतकंच मोलाचं. सुईबाईने असं काही आधी हाताळलं नव्हतं. तिने मला बोलावलं.

"दादा, तुमची नजर पक्की. ही माती ठेवू की काढू?"

"काढ," मी म्हणालो. "नुसती घाण आहे."

मॅडम परगावी होत्या, त्या चार दिवसांत खपून तिने ती काढली, केरात टाकली. परत आल्यावर मॅडमनी स्वच्छ हाडं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. भोवतीची माती कुठे गेली, त्यांनी विचारलं. बीळ होतं हे सांगायला आता काही उरलं नव्हतं.

सुईबाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"मीच काढली, मॅडम," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

मॅडम वर गेल्या. सुईबाईने पुढचा दगड ओढला. माझ्या तोंडून असं वाक्य जन्मात निघालं नसतं, आणि मला त्याचाही हेवाच वाटला.