ताईंचा डावा कान

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या ताईंचं सगळं निदान डाव्या कानावर चालायचं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, सुईच्या बाजूला डावा कान टेकवायचा, की मशीन आपली दुखणी घडाघडा सांगायचं. नेमकी त्याच कानाच्या नसेवर मटारएवढी गाठ निघाली.

“साधी गाठ आहे, वाट बघू,” धाकटा भाऊ म्हणाला. वाट बघण्याचा त्याला दांडगा अनुभव; लग्नासाठी त्याने सोळा वर्षं वाट पाहिली होती. “उजवा कान आहेच की, ताई.”

“तो टेकवला तर हात चाकाला पोचत नाही. मग चाक काय नाकाने फिरवू?”

सर्जनबाईंनी नीट समजावलं. कानामागे बटणाएवढं छिद्र पाडून दुर्बिणीने गाठ काढता येईल, पण ऐकू येणं टिकेलच अशी खात्री नाही. नुसती वाट पाहिली, तर ते हळूहळू जाण्याचीच शक्यता जास्त.

“म्हणजे बसून घालवायचं, नाहीतर झुंजून,” ताई म्हणाल्या. “बसणं मला कधी जमलंय? काढा ती गाठ.”

ऑपरेशननंतर चार दिवस ताईंना पलंगासकट खोली फिरताना दिसत होती. पाचव्या दिवशी पट्टी सुटली. त्यांनी उजव्या कानात बोट घट्ट खुपसलं, डोळे मिटले आणि भावाला डावीकडून काहीतरी बोलायला सांगितलं.  त्याच्या मनातलं होतं तेच हळूच बाहेर पडलं.

“आता दुकान बंद कर, ताई.”

ताईंनी उजव्या कानातलं बोट काढलं आणि डोळे उघडले. 

“पूर्वीच्या निम्मं ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “टाके निघाले की उघडते.”