प्रेमकुंवरकाकींची नवी बोली

अमळनेरच्या बाजारात प्रकाशचंद शेठचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच त्यांचं घर. गिऱ्हाईक येतं ते शेठकडे, पण रेंगाळतं प्रेमकुंवरकाकींमुळे. झारा घ्यायला आलेल्या बाईचं माहेर, तिच्या नणंदेचं बाळंतपण, जावेचा स्वभाव, सगळं विचारून झाल्याशिवाय काकी झारा कागदात गुंडाळत नाहीत. घरात मारवाडी, दुकानात मराठी, खेड्यावरून आलेल्या बायांशी अहिराणी. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण बोलायला कुठे अडलं नाही.

अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाने, रोनकने, जन्मापासून ऐकू न येणारी मुलगी पसंत केली.

हिना धुळ्याची. जळगावात एका छपाईच्या कार्यालयात डिझाइन करायची. रोनक रोज गाडीने जळगावला अप-डाऊन करतो, त्याची तिच्याशी ओळख झाली आणि वर्षभरात त्याने घरी सांगितलं. प्रकाशचंद शेठने मुलगी पाहिली, त्यांना आवडली. काकींनाही आवडली. मी त्यांच्या शेजारी राहते. त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नूतन, पोरगी सोन्यासारखी आहे गं. पण मी बोलू कुणाशी? सून आली की बोलायला हक्काचं माणूस मिळेल म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली मी."

लग्न थाटात झालं. हिना घरी बसून कॉम्प्युटरवर काम करू लागली आणि सासू-सुनेचा कारभार फोनवर लिहून सुरू झाला. हिनाची बोटं भराभर चालायची. काकी मात्र एका बोटाने एकेक अक्षर शोधायच्या. 'चहा उतू चाललाय' एवढं लिहून होईपर्यंत चहा ओट्यावर पसरलेला असायचा. मग रोनकने आईला थोड्या खुणा शिकवल्या. चहा, जेवण, बाजार, झोप. तेवढ्यावर काकी थांबल्या.

"घर चालायला एवढं पुरे. पापड लाटून लाटून बोटं घट्ट झाली माझी, आता ती काय वळणार?"

घर चाललंही. पण काकी दुकानात जास्त वेळ बसू लागल्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हिनाच्या मैत्रिणी आणि ललित नावाचा एक मित्र घरी आले. सगळे कर्णबधिर. काकींनी मला मदतीला बोलावलं होतं. आम्ही शेव-चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आलो, तर ललित उभा राहून हातांनी कसली तरी गोष्ट सांगत होता. अख्खी बैठक हसून लोटपोट. हिनाच्या डोळ्यांतून पाणी. रोनक सतरंजीवर आडवा. एवढंच काय, काही न कळता प्रकाशचंद शेठसुद्धा हसत होते.

काकी बशी हातात धरून तशाच उभ्या. "रोनक, काय झालं रे?"

"काही नाही गं मम्मी. सांगण्यात मजा नाही. ते बघण्यातच आहे."

काकी बशी ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आल्या. "माझ्याच घरात काल मी एकटी बहिरी होते, नूतन. एवढं काय हसत होते ते मला कळलंच पाहिजे!"

त्याच दुपारी दुकान जेवणासाठी बंद झाल्यावर त्या हिनासमोर पाटावर बसल्या आणि फोनवर लिहिलं: शिकव.

हिना प्रेमळ सून होती, पण मास्तरीण म्हणून कडक. फोन कपाटात ठेवायचा, ही पहिली अट. हाक मारायची नाही, कारण हाकेचा उपयोग नाही. समोर येऊन हात हलवायचा किंवा दिवा चालू-बंद करायचा. काकी इतक्यांदा ट्यूबलाइटचं बटण दाबू लागल्या की खालून शेठ विचारायचे, "लाइट जाते आहे काय गं?"

बोटं हळूहळू वळली. अडचण वेगळीच निघाली. हिनाने कागदावर लिहून दिलं, "मम्मीजी, तुमचे हात बोलतात, पण चेहरा गप्प असतो." या भाषेत भुवया उचलल्या की प्रश्न होतो, ओठ, डोळे, मान, सगळ्यांना काम असतं. आणि काकींना तर चारचौघांत चेहरा हलवायचा नाही, हे लहानपणापासून शिकवलेलं. त्या आरशासमोर बसून भुवया वर-खाली करू लागल्या. शेठने एकदा ते पाहिलं आणि काळजीने विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का?"

चुकाही भरपूर झाल्या. एका दुपारी काकींना विचारायचं होतं, "भात शिजला का?" बोटांची गडबड झाली आणि विचारलं गेलं, "नवरा शिजला का?" हिनाने अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "अजून कच्चा आहे." काकींना ते कळलं! पहिल्यांदाच सुनेची थट्टा थेट कळली. त्या इतक्या हसल्या की मी आमच्या दोन घरांच्या सामायिक गॅलरीतून धावत आले.

दारावर भाजी घेऊन येणारी भिकुबाई हे सगळं रोज बघायची. एक दिवस तिने टोपली खाली ठेवली. "काकी, माले बी शिकाडा ना. कांदानी खूण काय शे?" हिनाने दाखवली. मग कारल्याची वेळ आली, तर भिकुबाईने खुणेसोबत असं काही तोंड वाकडं केलं की हिनाने टाळ्या वाजवल्या. "कारलं म्हनताना तोंड कडू करनं पडस," भिकुबाई काकींना म्हणाली आणि काकींनी ते लगेच करून पाहिलं. दोघी समोरासमोर बसून बराच वेळ कडू तोंडं करत होत्या.

उन्हाळ्यापर्यंत काकींना बरंच कळायला लागलं. ललित पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं आणि ती दिवाळीनंतरची गोष्ट परत सांगायला लावली. एसटीचा कंडक्टर ललितवर ओरडत होता. ललितला ऐकू येत नाही हे न कळून आणखी मोठ्याने ओरडत गेला, शेवटी त्याचाच घसा बसला. मग कंडक्टरही हातवारे करू लागला आणि धुळे येईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या.

गोष्ट संपली. काकींनी ललितच्या पाठीवर थाप मारली. मग मला म्हणाल्या, "यात एवढं लोळायला काय होतं गं?"

मला वाटलं, संपलं आता यांचं शिकणं. जे कळून घ्यायचं होतं ते कळलं, आणि तेही जेमतेमच निघालं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी काकी पुन्हा पाटावर. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, काल हिना तिच्या शाळेतलं सांगत होती. वसतिगृहात पहिल्या रात्री ती किती रडली ते. अर्धंच झालं आणि दूधवाला आला. पुढचं ऐकायचं आहे मला." काकी अजूनही 'ऐकायचं' असंच म्हणतात.

मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. माझी मुलं कुठल्याही धड्याला एकच प्रश्न विचारतात, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पुस्तकं मिटतात. मी त्यांना काकींची गोष्ट सांगितली आणि एका शनिवारी काकींना आणि हिनाला वर्गात घेऊन गेले. हिनाने अक्षरांच्या खुणा दाखवल्या, काकींनी मराठीत समजावल्या. सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठेना.

सोमवारी माझा तास नेहमीपेक्षा शांत होता. मला वाटलं, धडा रंगलाय. फळ्याकडून वळले, तर मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत बोटांची नुसती धांदल! तोंडातून आवाज न काढता वर्गात गप्पा मारता येतात, हा शोध त्यांना लागला होता. मधल्या सुट्टीत हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर दिपमाला नावाची मुलगी निरागसपणे म्हणाली, "बाई, आम्ही अभ्यास करतोय."

संध्याकाळी मी काकींचं दार वाजवलं. "मलाही शिकवा. कार्टी माझ्याबद्दल काय बोलतात ते कळलं पाहिजे."

काकी खुशीत म्हणाल्या, "बस, पाट घे."

राहिले होते फक्त प्रकाशचंद शेठ. "मला दुकानात भांडी तोलायला हात लागतात," असं म्हणून ते टाळायचे. पण जेवायला बसलं की सासू-सून ताटावरून काहीतरी बोलायच्या, शेठकडे बघायच्या आणि खुदकन हसायच्या. शेठचा घास तोंडाशीच थांबायचा. महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी दुकानाचं शटर ओढून गुपचूप वर आले आणि भिंतीला टेकून बसले. काकींनी पाट पुढे सरकवला. हिनाने त्यांच्या हाताची बोटं धरून पहिलं अक्षर घडवलं.

मागच्या आठवड्यात त्या घरात मोठं भांडण झालं. निमित्त कैरीच्या लोणच्याचं. काकींनी मोहरी जास्त घातली, हिनाने ती कमी हवी म्हणून सांगितलं, काकींनी तिच्या धुळ्याच्या माहेरचं लोणचं काढलं, हिनाने अमळनेरच्या तेलाचा उद्धार केला. दोघींचे हात हवेत, भुवया कपाळावर, पाय आपटणं चालू. मी गॅलरीतून बघत होते. मधे पडायला निघालेल्या शेठना दोघींनी एकाच खुणेने खाली बसवलं.

थोड्या वेळाने काकी माझ्याकडे आल्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "नूतन, आज सुनेशी मनसोक्त भांडले गं! एकदाही अडखळले नाही."

एवढ्यात गॅलरीत हिना आली. तिने हात हलवून काकींचं लक्ष वेधलं आणि काहीतरी विचारलं. काकींनी भुवया उडवून उत्तर दिलं आणि पेला ठेवून उठल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"चहा टाकतेय, माझ्यासाठी टाकू का म्हणून विचारते. मी म्हटलं, टाक, पण आलं घाल. बाकीचं भांडण चहानंतर."